हिंगोलीची छावणी आणि हैदराबाद कंटिन्जंट

आखाडा बाळापूरहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता ज्या गावाला पोचतो, तिथे 1903 पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, अशी ही फौज होती. इंग्रजांशी झालेल्या 1800 च्या तहानुसार युद्ध झाले तरच निजामाने 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ द्यायचे होते. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसावी, असे कलम त्यात नव्हते. तरीही हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेलने 1813 च्या सुमारास पलटणी उभ्या केल्या आणि दिवाणी कारभार पाहणाऱ्या चंदूलालने त्यांचा खर्च निमूट चालवला.

या फौजेची एक मोठी मोहीम याच भागात झाली. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनच्या सैन्याने हटकर नाईकांच्या नोव्हा गढीला वेढा घातला आणि 31 तारखेला ती जिंकली. आपल्याच मुलखातल्या माणसांवर मिळवलेला हा विजय पुढे पलटणींच्या निशाणावर मानचिन्ह म्हणून मिरवला.

छावणीभोवती बाजार वाढला. तिथला प्रतिष्ठित व्यापारी हरीसिंग प्रत्यक्षात ठगांचा म्होरक्या होता. त्याने कापड आणण्याचा परवाना आधीच काढून ठेवला, मुंबईहून कापड आणणाऱ्या व्यापाऱ्याला साथीदारांसह ठार केले आणि तोच माल छावणीत उघडपणे विकला. निजामाच्या फौजेतला अधिकारी मेडोज टेलर स्वतः त्याचा गिऱ्हाईक होता. ठगांवरील आपल्या 1839 च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने ही हकीकत दिली आहे.

या फौजेच्या खर्चापायी मात्र निजाम इंग्रजांच्या कर्जात बुडाला. 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे प्रांत ताब्यात घेतले. निजामावर या फौजेचे तहाने बंधन नव्हते हे मान्य असूनही वसुली झाली, हा उघड अन्याय होता. 1857 च्या उठावात, जूनमध्ये, औरंगाबादेत कंटिन्जंटच्या घोडदळाची एक तुकडी बिथरली. बाकीची फौज इंग्रजांच्या बाजूने राहिली आणि तिच्या तुकड्या मध्य भारतात इंग्रज सेनापती ह्यू रोझबरोबर लढल्या. 1860 मध्ये निजामाचे 50 लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र अडकलेच. त्यामुळे पैनगंगेपलीकडचे पुसद-उमरखेड इंग्रजी कारभारात आणि अलीकडचे कळमनुरी-बाळापूर निजामाकडे, अशी हद्द पडली.

1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाखांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. दुसऱ्या वर्षी कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाले, पायदळाच्या सहा पलटणींना 94 ते 99 असे नवे क्रमांक मिळाले आणि हिंगोलीची छावणी उठली.