अकरा वर्षांनी पुन्हा लेन्स



गेल्या महिन्यात मी अकरा वर्षांनी पुन्हा डोळ्यांत लेन्स लावल्या. धाकट्या जाऊने लगेच विचारलं, "काय ताई, आता या वयात कुणाला दाखवायचंय?" मी हसले, पण रात्री तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. कारण पहिल्यांदा लेन्स लावल्या होत्या, तेव्हा खरोखरच कुणाला तरी दाखवण्यासाठी लावल्या होत्या. त्याहून खरं सांगायचं तर लपवण्यासाठी.

मला नववीपासून साडेचारचा नंबर. स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की चष्म्याचं कुणाला सांगायचं नाही. फोटो चष्म्याशिवाय काढला. चहापोह्यांच्या कार्यक्रमाला लेन्स आणि चष्मा आईच्या पर्समध्ये. लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी चष्मा लावून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ते वाक्य मला वीस वर्षं पुरलं आहे.

या वेळी लेन्स घेण्याआधी मी ठरवलं की ही वस्तू आली कुठून ते तरी वाचून काढू. जे वाचलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी चष्म्याचं. चष्मा इटलीत, पिसा शहराच्या आसपास, १२८६ च्या सुमारास तयार झाला असं मानतात. १३०६ मध्ये एका धर्मगुरूने प्रवचनात सांगितलं होतं की ही विद्या निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. आपल्याकडे चष्म्याचा माग काढला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी. सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथात विजयनगरचे व्यासतीर्थ चष्मा लावून पोथी वाचतात असा उल्लेख आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. काळ १५२० च्या सुमाराचा. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी दक्षिणेत चष्मा आला तो एका विद्वानाच्या नाकावर. 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आला. आपल्या आजोबांच्या चष्म्याला घरात 'चाळिशी' म्हणत. चाळिशी ही मोठेपणाची खूण होती. आजोबांनी लावली की मान, आणि त्याच घरातल्या मुलीने चष्मा लावला की वैगुण्य. वस्तू तीच, नाकं वेगळी.

आता लेन्स. डोळ्यालाच चिकटून बसणाऱ्या काचेची कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून ठेवली होती. ती प्रत्यक्षात आणली झुरिकमध्ये काम करणाऱ्या अडोल्फ फिक या जर्मन डॉक्टरांनी. १८८८ मध्ये त्यांचा लेख छापून आला. त्यात ज्यांच्यासाठी लेन्सचा विचार होता, ते साधे नंबरवाले नव्हते. ज्यांच्या कॉर्नियाचा आकार बिघडलेला आहे, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरचं पारदर्शक आवरण वेडंवाकडं झालेलं आहे, असे ते रुग्ण होते. अशांना चष्म्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्या डोळ्यांवर एक नवा, गुळगुळीत पृष्ठभाग बसवावा असा तो विचार. हे वाचून मला बरं वाटलं. मी जिला इतकी वर्षं लपवाछपवीची वस्तू समजत होते, तिची सुरुवात कुणाला तरी दिसावं म्हणून झाली होती.

एक गोष्ट मात्र टोचली. फिक यांनी पहिल्या काचा सशांच्या डोळ्यांवर बसवून पाहिल्या, मग स्वतःच्या आणि त्यानंतर रुग्णांच्या. ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. औषधं, टाके, भूल, आपल्या आयुष्यातल्या किती गोष्टींमागे असे मुके जीव आहेत, हे आपण विचारत नाही. याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही. पण लेन्स वापरणारीने निदान हे माहीत असून वापरावी, असं मला वाटतं.

ती काच फुंकून केलेली, जड आणि डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी होती. आत द्राक्षसाखरेचं पाणी भरायचं. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ती सहन होत नसे. पुढच्याच वर्षी कीलमध्ये वैद्यकीय शिकणाऱ्या ऑगस्ट म्युलरने स्वतःच्या जबर नंबरासाठी काच घासून घेतली. त्याला ती अर्धा तासच सोसली. मग साठ वर्षं लोक त्याच रस्त्याने धडपडत राहिले. काच जाऊन प्लास्टिक आलं. १९४८ मध्ये अमेरिकेत केविन टुही यांनी फक्त कॉर्नियावर मावेल एवढी छोटी प्लास्टिकची लेन्स केली. हलकी होती, पण कडकच. शिवाय कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तो बराचसा प्राणवायू थेट हवेतून घेतो. त्या प्लास्टिकमधून हवा जात नसे.

वाट बदलली ती प्रागमध्ये, आणि तीही एका घराच्या स्वयंपाकघरात. मैत्रिणींनो, हा भाग मी दोनदा वाचला.

ओटो विख्तर्ले हे चेक रसायनशास्त्रज्ञ. १९५२ मध्ये रेल्वेच्या प्रवासात शेजारच्या माणसाच्या हातात डोळ्यांच्या आजारांवरचं नियतकालिक होतं. त्यात डोळ्यात बसवायच्या धातूच्या तुकड्याची माहिती पाहून विख्तर्लेंना वाटलं, शरीरात ठेवायची वस्तू कठीण का असावी? शरीर तर पाण्याने भरलेलं आहे. सहकारी द्राहोस्लाव्ह लीम यांच्याबरोबर त्यांनी पाणी शोषून मऊ होणारा, तरी पारदर्शक राहणारा पदार्थ तयार केला. कोरडा असताना काचेसारखा टणक, भिजला की डिंकाच्या लाडवासाठी भिजवलेल्या डिंकासारखा फुगणारा. भिजलेल्या लेन्समध्ये एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग नुसतं पाणी असतं.

पदार्थ झाला, पण त्याची लेन्स होईना. साच्यातून काढताना कडा फाटत. त्यातच १९५८ मध्ये राजकीय कारणांनी त्यांना महाविद्यालयातून काढलं गेलं. पुढे दुसऱ्या संस्थेत काम मिळालं, तर १९६१ मध्ये सरकारी खात्याने लेन्सच्या कामाचा पाठिंबा काढून घेतला. मग त्या नाताळात त्यांनी घरातच खटाटोप मांडला. मुलांच्या खेळण्यातला मेर्कुर नावाचा संच (आपल्या मेकॅनोसारखा), सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटेचा ट्रान्सफॉर्मर एवढ्या सामानातून त्यांनी एक यंत्र जोडलं.

यंत्राचं तत्त्व आपल्याला चटकन कळेल. पातेल्यातली आमटी डावाने गोल जोरात ढवळली की मधोमध खळगा पडतो आणि कडेला ती वर चढते. विख्तर्लेंनी छोट्या साच्यात द्रव थेंब टाकला आणि साचा गरागरा फिरवला. थेंबाच्या वरच्या बाजूला तसाच वाटीसारखा खळगा झाला आणि त्याच आकारात तो घट्ट झाला. फाडून काढायची गरजच राहिली नाही, कडाही गुळगुळीत. नाताळच्या दुपारी पहिल्या चार लेन्स तयार झाल्या. सोबतीला पत्नी लिंडा होत्या. पुढे डायनॅमो पुरेना म्हणून ग्रामोफोनची मोटर लावली, आणि १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत नवराबायकोने घरी सुमारे ५,५०० लेन्स केल्या.

५,५००! मी डोळ्यांसमोर ते टेबल आणलं. त्या घरात स्वयंपाकही होत असेल, मुलांचे डबेही भरले जात असतील. इतिहासात नाव विख्तर्लेंचं राहिलं आणि लिंडांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी 'पत्नीच्या मदतीने' एवढे दोन शब्द आले. ज्यांनी दिवाळीच्या आधी शेकडो चकल्या पाडल्या आहेत, त्यांना त्या दोन शब्दांत किती काम मावतं हे सांगायला नको.

पुढे त्यांच्या संस्थेने त्यांना न विचारता हक्क एका अमेरिकन कंपनीला विकले. ते बॉश अँड लाँबकडे गेले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला परवानगी मिळाली. जगभर कोट्यवधी लोकांनी त्या वापरल्या, विख्तर्लेंच्या हाती त्यातलं फारच थोडं आलं. १९६८ च्या प्रागमधल्या सुधारणांना पाठिंबा दिला म्हणून त्यांचं संचालकपदही गेलं. राज्यव्यवस्था पालटल्यावर १९९० मध्ये ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये ते वारले.

आता माझ्या चुकीकडे येते. ती याच पाण्याची आहे.

पहिल्या नऊ वर्षांत मी एक शहाणपणा करत असे. लेन्सचं द्रावण संपलं की डबीत पाणी घालायचे. आपलं पाणी तर गळण्यातून गाळलेलं, उकळलेलं, प्रासुक. याहून शुद्ध काय असणार? एके दिवशी सकाळी डोळा लालभडक, उजेड सोसेना, पाणी थांबेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कॉर्नियाला जखम होऊन जंतू गेले आहेत. तीन आठवडे थेंब घातले. नजर वाचली हे नशीब. त्या दिवसापासून अकरा वर्षं चष्मा.

परवा वाचताना कळलं की ही चूक करणारी मी एकटी नव्हते. १९८० च्या दशकात अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवाने होणारा डोळ्याचा भयंकर आजार एकाएकी वाढला. शोध घेतल्यावर दिसलं, त्यांतले पुष्कळ जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच द्रावण करत होते. हा जीव नळाच्या पाण्यात, मातीत, सगळीकडे असतो. परिस्थिती बिकट झाली की स्वतःभोवती टणक कवच करून टिकून राहतो. पिऊन सहसा काही होत नाही, पण लेन्सखाली अडकला तर कॉर्निया खातो. पाणी उकळलं तरी ते गार होताना, ओतताना, बोट लागताना पुन्हा जीव येतातच.

पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. लहानपणापासून गळणं धरून, जीवाणी परत विहिरीत सोडताना पाहत आलो आहोत. तरी डबीत पाणी ओतताना ते मला आठवलं नाही. पिण्याच्या पाण्याचा नियम मी डोळ्याला लावला आणि आपण शुद्ध वागतो या समाधानात राहिले. नियम पाळला, त्यामागचं कारण विसरले.

म्हणून या वेळी डॉक्टरांकडून नीट तपासून घेतलं आणि रोज नवी, रात्री टाकून द्यायची लेन्स घेतली. ती १९९० च्या दशकात आली. त्याच दशकाच्या शेवटी सिलिकॉन मिसळलेल्या लेन्स आल्या, त्यांतून प्राणवायू खूप जास्त जातो. माझे नियम असे. अंघोळ आधी, लेन्स नंतर. हात साबणाने धुवून कोरडे करून मगच लेन्सला हात. मिरच्या चिरायच्या असतील तर लेन्स आधी लावून घ्यायची, आणि काढायच्या वेळी हात दोनदा धुवायचे. लेन्स लावून दुपारची डुलकीसुद्धा नाही. पाण्याचा थेंबही लेन्सला नाही. काढलेली लेन्स बेसिनमध्ये नाही, कचऱ्याच्या डब्यात. ती विरघळत नाही, नदीत जाते. डोळा लाल झाला की लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

चष्मा सुटलेला नाही. चाळीस ओलांडल्यामुळे लेन्स लावूनही स्वाध्यायाला बसताना वाचायचा चष्मा लागतोच. आजोबांची चाळिशी आता माझ्या नाकावर आली. पण भाकरी करताना वाफेने काचा धूसर होत नाहीत, आणि चढावरून जाताना पायरी स्वच्छ दिसते. जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दाखवायचं कुणाला नाही, मला दिसायला हवं आहे.

माझ्या मुलीलाही आता चष्मा लागला आहे. पंधरा वर्षांची आहे. तिला लेन्स हव्या असतील तर तिची जबाबदारी तिला पेलते का हे पाहून घेऊन देऊ. फक्त एक गोष्ट सासूबाईंनी आणि मी मिळून ठरवली आहे. पुढे तिचा फोटो कुठे द्यायची वेळ आली, तर चष्मा लावलेला फोटोही त्यात असेल. हे सासूबाईंनीच आधी सुचवलं.