बातमीसाठी वेडी झालेली नेली



गटांच्या बैठका घेताना आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. एखादी बाई तावातावाने खरं बोलली, की लोक म्हणतात, "तिचं डोकं फिरलंय." एकदा हा शिक्का बसला, की तिचं कोणी ऐकत नाही. म्हणून आज आपण नेली ब्लायची गोष्ट ऐकूया.

तिचं खरं नाव एलिझाबेथ कॉक्रन. जन्म १८६४ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातला. सहा वर्षांची असताना वडील वारले. आईने दुसरं लग्न केलं, पण तो नवरा मारकुटा निघाला. आईच्या घटस्फोटासाठी या चौदा वर्षांच्या मुलीने कोर्टात साक्ष दिली.

१८८५ साली पिट्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात लेख आला, की बाईची जागा घरातच. हिने रागाने पत्र लिहिलं. खाली नाव न घालता 'एकटी अनाथ मुलगी' एवढंच लिहिलं. संपादकाने तिला शोधून कामच दिलं. त्याच वर्षी त्याच राज्यात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकत होत्या.

नेलीने कारखान्यातल्या मुलींवर लिहिलं. पुढे तिला फॅशन आणि फुलझाडांवर लिहायला बसवलं, तेव्हा ती तिथून निघाली आणि १८८७ साली न्यूयॉर्कला आली. तिथे वेड लागल्याचं सोंग घेऊन ती बायकांच्या वेड्यांच्या इस्पितळात शिरली. आत नासकं अन्न, गार पाण्याच्या आंघोळी आणि दिवसभर बाकावर गप्प बसणं. काही बायका चांगल्या शहाण्या होत्या. परदेशातून आलेल्या काहींना इंग्रजी येत नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा. आत गेल्यावर नेलीने सोंग सोडलं आणि ती नीट बोलू लागली. तरी डॉक्टर तिला वेडीच समजत राहिले! दहा दिवसांनी वर्तमानपत्राने तिला सोडवलं. तिने सगळं लिहिलं. चौकशी झाली आणि शहराला अशा इस्पितळांसाठी जास्त पैसे द्यावे लागले.

पुढे जगाला फेरी मारायचं तिच्या मनात आलं. वर्तमानपत्राचे व्यवस्थापक म्हणाले, हे पुरुषाचं काम. बाईला सोबत लागेल, सामान फार होईल. ती १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अंगावरच्या एका पोशाखात, हातात एक लहान पिशवी घेऊन एकटी निघाली. आगबोटीने आणि आगगाडीने, वाटेत कोलंबोला थांबत, ७२ दिवसांत परत आली.

जगाची फेरी लोकांच्या लक्षात राहिली. आम्हाला मात्र ते दहा दिवस मोठे वाटतात. आतल्या बायकाही तेच सांगत होत्या, पण त्यांचं ऐकून लिहिणारं कोणी नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या वहीत कर्ज आणि हप्ते आपण लिहितोच. पुढच्या बैठकीत, जिला सगळे वेडी म्हणतात तिला शेजारी बसवूया, आणि तिचं म्हणणंही त्याच वहीत लिहूया.