प्रिन्सिपॉल डॉ. बाळकृष्ण

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजची परंपरा जुनी आहे. १८८० सालीं तेथें कॉलेजचे वर्ग सुरू झाले, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखा विद्यार्थी तेथून पुढें गेला. परंतु कॉलेजनें केवळ परीक्षार्थी तयार करावे, कीं विद्येंत स्वतःची भरही घालावी, ह्या प्रश्नाचें उत्तर तेथें आपल्या कृतीनें दिलें तें एका परप्रांतीय प्रिन्सिपॉलनें.

शाहू छत्रपतींनीं १९१९ सालीं हें कॉलेज आर्यसमाजाच्या हवालीं केलें होतें. १९२२ सालीं डॉ. बाळकृष्ण प्रिन्सिपॉल म्हणून आले. त्याच वर्षीं ६ मे रोजीं महाराज निवर्तले. डॉक्टरांचा जन्म मुलतानचा, पूर्वीचें अध्यापन हरिद्वारजवळील कांगडी गुरुकुलांतलें आणि डॉक्टरेट लंडनची. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे. अशा गृहस्थानें छत्रपतींच्या गादीच्या गांवीं शिवचरित्राला हात घालावा, हें धाडसच होतें.

त्यांचा मूळ विषय अर्थशास्त्र. हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामधील १६०१ ते १७५७ पर्यंतच्या व्यापारावरील त्यांचा ग्रंथ १९२४ सालीं निघाला. त्यासाठीं कंपनीचीं दप्तरें चाळावीं लागलीं, आणि तींच पुढें शिवचरित्राच्या कामीं आलीं. १६६१ त राजापुरास व १६६४ त सुरतेस वखारवाल्यांची मराठ्यांशीं प्रत्यक्ष गांठ पडली होती. बहुतेक बखरी मागाहून लिहिलेल्या. ह्या पत्रांवर मात्र त्या त्या दिवसाची तारीख आहे. अर्थात् नुकसान सोसलेल्या व्यापाऱ्याची साक्ष ती! ती पारखूनच घ्यावयास हवी. म्हणून इंग्रजी कागदांच्या जोडीला डॉक्टरांनीं डच कागदही आणले. १९३२ ते १९४० ह्या काळांत ‘शिवाजी दि ग्रेट’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ भागाभागानें प्रसिद्ध झाला. पहिला भाग शहाजीराजांवर आहे. पुत्राचें कार्य समजावयाचें तर पित्यापासून आरंभ केला पाहिजे, ही त्यांची दृष्टि त्यांत दिसते.

ह्याच काळांत ना. सी. फडके व माधव जूलियन हे कॉलेजांत शिकवीत होते. संस्थानी गांवचें कॉलेज मुंबई-पुण्याची केवळ नक्कल राहिलें नाहीं, तें ह्यामुळें.

१९४० च्या ऑक्टोबरांत डॉ. बाळकृष्ण वारले, अखेरपर्यंत ते प्रिन्सिपॉलच होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें व इतिहासाचेच अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरु झाले. संशोधनाची वाट त्यापूर्वींच मळलेली होती; ती पाडण्यांत मुलतानच्या ह्या पाहुण्याचा वांटा मोठा होता.