मोठ्या रायफलीतली बारीक नळी

एनसीसीच्या कोतीतली (शस्त्रागारातली) जुनी पॉइंट टू-टू रायफल पहिल्यांदा उचलणारा तिच्या वजनाने चकतो. अंगकाठी सगळी थ्री-नॉट-थ्रीची: तेच जाड लाकूड, तोच बोल्ट, दस्त्याच्या टोकाला तोच पितळी पत्रा, वजन जवळपास चार किलो. नळीच्या तोंडात मात्र साधी पेन्सिलही शिरत नाही. दवनीवाड्याहून गोंदियाला कॉलेजात जायचं आणि तिथे एनसीसी घ्यायची, हा आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचा शिरस्ता. फायरिंगच्या दिवशी उचललेली रिकामी पुंगळी मी घरी नेऊन दाखवली, तेव्हा आजीने विचारलं, "बंदूक येवढी मोठी अना गोरी (गोळी) येवढीशीच?"

प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचं उत्तर शोधायला एकोणिसाव्या शतकात जावं लागतं.

मोठं काडतूस महाग, त्याचा धक्का जबर, आणि त्याला शेकडो मीटर मोकळी जागा लागते. नवशिक्याला नेम शिकवायचा, पण हातातलं हत्यार तर खरंच हवं. ही अडचण ब्रिटिश फौजेने १८८०च्या दशकात मॉरिस ट्यूबने सोडवली. मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळीत एक बारीक नळी सरकवायची आणि छोटं काडतूस उडवायचं. सराव संपला की ती काढून ठेवायची. आज ज्याला कन्व्हर्जन किट म्हणतात, त्याचं घराणं इथून सुरू होतं. पुढे बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) शेतकरी बोअरांची नेमबाजी इंग्रजांना फार महागात पडली. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी मायदेशी छोट्या रायफलींच्या क्लबांचा जोरदार पुरस्कार केला आणि सरावाच्या नळ्यांना भाव आला. अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने १८८७मध्ये काढलेलं पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस तोवर स्वस्त आणि सर्वत्र मिळणारं झालं होतं. गोळी ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. थ्री-नॉट-थ्रीची गोळी १७४ ग्रेन.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२१मध्ये, थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्डचा कायमचा सरावी अवतार ठरला: नंबर टू मार्क फोर. मॅगझिनची जुनी पेटी खाली तशीच राहिली, पण रिकामी. काडतूस हाताने एकेक भरायचं, उडालेली पुंगळी त्या पेटीत पडायची. खरी करामत बोल्टच्या डोक्यात होती. थ्री-नॉट-थ्रीची टोपी काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असते, पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर काडतुसाचा स्फोटक मसाला कडेच्या घडीत. मग मधोमध येणारा ठोसा कडेला कसा वळवायचा? डोक्यात वेगळी छोटी पिन बसवून. एवढ्या एका बदलावर अख्खी रायफल दुसऱ्या जातीचं काडतूस खाऊ लागली. काही रायफलींना नवी नळी दिली गेली. काहींच्या झिजलेल्या नळ्या आतून कोरून त्यात पोलादी अस्तर बसवलं, ते काम बर्मिंगहॅमच्या पार्करांचं. भारतात ईशापूरच्या रायफल कारखान्यामुळे ली-एनफिल्ड देशी झालेलीच होती. १५ जुलै १९४८ला एनसीसी सुरू झाली, चीन युद्धानंतर १९६३मध्ये ती कॉलेजांत सक्तीची झाली, १९६८मध्ये पुन्हा ऐच्छिक. या सगळ्या काळात मुलांच्या खांद्याला पहिल्यांदा टेकली ती ही पॉइंट टू-टू घराण्यातलीच रायफल.

आता मला खरं सांगायचं आहे ते सफाईबद्दल. अंगकाठीबरोबर रायफलीने थ्री-नॉट-थ्रीच्या सवयीही उचलल्या, आणि त्यांतल्या काही तिला मानवत नाहीत.

थ्री-नॉट-थ्रीच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरतो. तो मिठासारखा हवेतलं पाणी ओढतो, आणि धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या श्रावणात तर एका रात्रीत नळीला तांबेरा चढतो. तेलात हा क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून शिपाई नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत, मग पुल-थ्रू (चिंधी ओढायची दोरी) ओढत, मळ चिवट असेल तर तारेची जाळी लावून, शेवटी ४ बाय २ इंचांची कोरडी चिंधी आणि तेलाची चिंधी. दस्त्याच्या पितळी पत्र्याला झाकण आहे ते याचसाठी: आत दोरी आणि तेलाची कुपी. फायरिंगनंतर पुढचे काही दिवस रोज नळी साफ करण्याचा नियमही त्या क्षारामुळेच आला.

पॉइंट टू-टूलाही एकेकाळी हा रोग होता, आणि जास्तच. काळ्या दारूच्या दिवसांत भरपूर काजळीत तो क्षार विखरून जाई. धूरविरहित दारू आली, काजळी कमी झाली आणि क्षार नळीवर थेट बसू लागला. त्या काळात असंख्य बारीक नळ्या गंजून वाया गेल्या, अस्तर बसवण्याचा धंदा चालला तो यामुळेही. मग १९२०च्या दशकात अमेरिकेत रेमिंग्टनने 'क्लीनबोअर' आणि जर्मनीत आरडब्ल्यूएसने 'सिनॉक्सिड' आणलं. टोप्यांतून क्लोरेट गेलं आणि गंजाचं मूळ कारणच संपलं.

कारण संपलं तरी रगडण्याची शिस्त टिकली. आजचं पॉइंट टू-टू काडतूस नळीत काय सोडतं? मेणाचा पातळ थर, थोडं शिसं, थोडी काजळी. मेणाचा थर उलट नळीला जपतो. चिंधीने चकचकीत केलेल्या नळीतून सुरुवातीच्या काही गोळ्या भरकटतात आणि थर बसल्यावर ग्रुप जुळतो, हे स्पर्धेतले नेमबाज जाणतात. आणि दोरी? ती तिरकी ओढली की नळीच्या तोंडाची कड एका बाजूने घासत जाते. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला करते. मऊ शिशाच्या गोळ्यांनी जेवढी नळी झिजत नाही, तेवढी वर्षानुवर्षांच्या चुकीच्या सफाईने झिजते, असं माझं ठाम मत आहे.

आमचे उस्ताद हे जाणून होते. व्हरांड्यात ताडपत्री अंथरून आम्ही बसलो की पहिला हुकूम बोल्टचा. "अपना बोल्ट, अपनी रायफल!" ली-एनफिल्डचा बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवलेला असतो, दोन्हींवर नंबर ठोकलेला असतो, आणि दहा मुलांनी दहा बोल्ट एका ढिगात टाकले की गोंधळ ठरलेला. बोल्ट काढून ते नळी आकाशाकडे धरायला लावत. आतून पाहिलं की चेंबरच्या लगेच पुढे, तळाच्या बाजूला, राखाडी कडा दिसते. रिमफायरच्या मसाल्यात घर्षणासाठी काचेची पूड घालतात, ती काजळीत मिसळून तिथे घट्ट बसते. उस्ताद आम्हाला कामाला लावायचे ते तेवढ्याच जागेवर: पातळ सळई मागच्या बाजूने, चेंबरकडून घालायची, टोकाला तेलात भिजवलेली लहान चिंधी, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग एकाच दिशेने पुढे ढकलायचं. मोठी चिंधी या नळीत अडकते आणि ती काढायला निम्मा दिवस जातो. खरा मळ असतो तो बोल्टच्या तोंडावर. काडतुसाची कड बसते त्या खाचेत आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मेण साचून घट्ट होतं, मग पुंगळी बाहेर येईना की मुलं काडतुसाला दोष देतात. तिथे जुना दातांचा ब्रश चालतो.

दुसरी उसनी सवय खटक्याची. 'जाँच शस्त्र' ही तपासणीची आज्ञा झाली की रिकाम्या चेंबरवर बोल्ट चालवून खटका दाबायचा. मधोमध ठोसा मारणाऱ्या रायफलीत पिन हवेत थांबते. रिमफायरमध्ये ती कडेला येते आणि पुढे पितळ नसेल तर चेंबरच्या पोलादी काठावर आपटू शकते. हजारो वेळा असं झालं की काठाला खळगा पडतो आणि पुंगळी त्यात रुतते. ड्रिलसाठी चेंबरमध्ये उडालेली पुंगळी ठेवणं हा सोपा उपाय आहे. सुरक्षेची तपासणी मात्र टाळायची नाही. आधी चेंबर डोळ्याने आणि बोटाने पाहायचं, मगच पुढचं.

हे घराणं पुढेही वाढलं. अमेरिकन लष्कराने एम-१६साठी असाच जोड काढला: बोल्टच्या जागी वेगळा बोल्ट, मॅगझिनमध्ये आतलं कोंदण. त्यात नवी अडचण आली. उघड्या शिशाची गोळी वायूच्या छिद्रावरून जाते, मेण आणि शिसं तिथे साचतं. म्हणून पुन्हा मोठ्या काडतुसाकडे वळण्याआधी ते छिद्र साफ करणं अटळ.

पॉइंट टू-टूला अजूनही कुणी पोरखेळ म्हणू नये. अंजली भागवत (तेव्हाच्या वेदपाठक) एनसीसीतूनच नेमबाजीत आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. दोघांच्याही पदकामागे हेच रिमफायर काडतूस होतं. त्यांच्या रायफली अर्थात वेगळ्या, पण नळीच्या तोंडाची कड जपायचा नियम तोच.

माझी मागणी साधी आहे. कॅडेटच्या धड्यांत शस्त्रसफाईचा पाठ थ्री-नॉट-थ्रीच्या वळणाने शिकवला जातो. पॉइंट टू-टूसाठी त्यात एक स्वतंत्र पान हवं: सळई मागून घाला, चिंधी छोटी घ्या, तारेची जाळी वापरू नका, बोल्टचं तोंड दरवेळी घासा, आणि पावसाळ्यात रायफल कोतीत पडून राहणार असेल तर नळीत तेलाचा हात फिरवून ठेवा, पुढच्या फायरिंगआधी तो कोरड्या चिंधीने काढा. गोंदिया-भंडाऱ्याच्या दमट हवेत शेवटची सूचना सगळ्यात ठळक अक्षरांत छापावी.