आयर्लंडमधील घुमटाचा दरवाजा

मोठ्या जमीनदारीच्या हद्दीवर प्रवेशद्वार आणि त्याला लागूनच दरवानाचे छोटेसे घर बांधण्याची विलायतेत जुनी पद्धत आहे. मालकाच्या वैभवाची ओळख पाहुण्याला तेथेच व्हावी, हा हेतू. अशा इमारतींत आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातील ड्रोमानाचा दरवाजा आगळाच म्हटला पाहिजे.

फिनिस्क नदीच्या पुलाच्या टोकाशी, गर्द झाडीत ही वास्तू उभी आहे. मधोमध गाडी जाईल एवढी कमान, दोन्ही बाजूंस दरवानाच्या खोल्या, त्यांना गॉथिक पद्धतीच्या टोकदार खिडक्या. आणि वर पाहावे तो कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट व सडपातळ मिनार!

हे मिनार तेथे पोहोचले कसे? १८२६ साली ड्रोमानाचे तरुण मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट लग्न करून परतले, तेव्हा कुळांनी स्वागतासाठी असा तात्पुरता दरवाजा उभारला होता, असे सांगतात. नवदांपत्याला तो आवडला आणि पुढे तो पक्का बांधण्यात आला. वास्तुविशारद मार्टिन डे यांचा १८४९ सालचा आराखडा उपलब्ध आहे. या घाटाचा आदर्श म्हणजे जॉन नॅश यांनी १८१५ ते १८२२ या काळात घडविलेला इंग्लंडमधील ब्रायटनचा राजमहाल. नॅश यांच्यापुढे होती ती हिंदुस्थानात फिरून आलेल्या थॉमस व विल्यम डॅनियल या चित्रकारांची चित्रे.

ग्रंथांत या शैलीस ‘हिंदू-गॉथिक’ म्हणतात. त्या काळी इंग्रज हिंदुस्थानातील शैलींना अनेकदा ‘हिंदू’ म्हणत. वस्तुतः हा घुमट आणि हे मिनार आले मोगल इमारतींवरून. परंतु विद्यार्थी मित्रहो, ‘हे केवळ आमचे’ अशी दुसरी पाटी लावणेही तितकेच अपुरे ठरेल. मोगल घुमटाच्या माथ्यावरील कमळ, छत्री, छज्जा ही याच भूमीच्या कारागिरांची देणगी आहे. नाव एकाचे दिले, तरी हात अनेकांचे असतात.

विसाव्या शतकात हा दरवाजा मोडकळीस आला. १९६० च्या दशकात आयरिश जॉर्जियन सोसायटीने त्याची दुरुस्ती करवली. परक्या घाटाचा म्हणून त्यांनी तो पडू दिला नाही.

आपल्या गावीही एखादी वेस, एखादी जुनी कमान असेल. पालकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे. ती कोणी बांधली, तिचा घाट कोठून आला, हे मुलांनी विचारावे. पाटीवरचे नाव वाचून थांबू नये. खरे शिक्षण त्यापुढेच सुरू होते.