लिनक्स कर्नल, लघुरूप (चित्रचालकासह)

लिनक्स कर्नलमधून विशिष्ट संगणकाला लागणारे तेवढेच भाग निवडून केलेली बांधणी. लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कर्नलमध्ये आज हजारो पर्याय आहेत. प्रत्येक पर्याय कर्नलमध्येच घ्यायचा, वेगळे मॉड्यूल म्हणून ठेवायचा की वगळायचा, हे ‘.कॉन्फिग’ फाइलमध्ये नोंदले जाते. ही फाइल तयार करणारी ‘टायनीकॉन्फिग’ आज्ञा जवळजवळ रिकामी पाटी देते. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ त्या घटकेला चालू असलेली मॉड्यूल्स पाहून छाटणी करते. म्हणून प्रिंटर, पेनड्राइव्ह आधी जोडून ठेवावेत, नाहीतर त्यांचे चालकही छाटले जातात.

खरी मेख चित्रचालकात (ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये) आहे. इंटेलसाठी ‘आय९१५’, एएमडीसाठी ‘एएमडीजीपीयू’ निवडला, तरी फ्रेमबफर कन्सोल वगळल्यास पडद्यावर अक्षर उमटत नाही. ‘एएमडीजीपीयू’ला फर्मवेअरही लागते. चालक कर्नलमध्येच बसवला, तर डिस्क उपलब्ध होण्याआधीच तो फर्मवेअर मागतो. ते कर्नलमध्ये किंवा इनिटरॅमएफएसमध्ये (सुरुवातीलाच स्मृतीत उतरणाऱ्या फाइलसंचात) नसेल, तर पडदा काळा! नवशिक्यांचा निम्मा वैताग इथलाच.

मराठी वापरकर्त्याला चित्रचालक ही चैन नव्हे. कर्नलच्या कन्सोलला फार तर ५१२ अक्षरचिन्हांचा फॉन्ट चालतो आणि जोडाक्षरे जुळवणे त्याला येतच नाही. ‘क्ष’ नीट दिसायला चित्रमय पडदा आणि अक्षरजुळणीची लायब्ररी हवी. एक्स विंडो प्रणालीत भारतीय लिप्या आणणारा ‘इंडिक्स’ प्रकल्प मुंबईच्या एनसीएसटी संस्थेचा होता.