मोकळ्या जागेचा वास्तुकार : चार्ल्स कोरिया

वास्तुसौंदर्य पाहायचे म्हणजे लेणी, देवळे, किल्ले, वाडे किंवा फार तर इंग्रजी अमदानीतील दगडी इमारती पाहायच्या, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभी राहिलेली काँक्रीटची इमारत ही राहण्याची, नोकरीची किंवा नाटक पाहायला जाण्याची जागा. ती स्वतः पाहण्याजोगी गोष्ट नव्हे, असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळातील काही श्रेष्ठ वास्तू रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असूनही नजरेआड राहतात. या काळातील भारतीय वास्तुकारांत चार्ल्स कोरिया यांचे स्थान अग्रभागी आहे. मुंबई, नवी मुंबई, पुणे आणि पणजी या चारही शहरांत त्यांच्या महत्त्वाच्या वास्तू असल्याने मराठी वाचकाला त्यांचे काम समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. या वास्तूंचे मर्म त्यांच्या भिंतींत जेवढे आहे, त्याहून अधिक त्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत आहे. जागेचे मोल चौरस फुटाने ठरणाऱ्या शहरांत नेमकी हीच जागा सर्वांत आधी नाहीशी होते, म्हणून तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

जडणघडण

कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे वास्तुशास्त्राचा अभ्यास केला आणि १९५८ मध्ये मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. तो काळ ल कॉर्बुझिए यांच्या चंदिगडच्या उभारणीचा होता. प्रबलित काँक्रीटच्या चौकटीमुळे इमारतीचा भार खांब आणि तुळयांवर गेला होता. भिंत भार वाहण्याच्या कामातून मोकळी झाली होती. ती हवी तिथे घ्यावी, हवी तिथे गाळावी, असे स्वातंत्र्य वास्तुकाराला प्रथमच मिळाले. युरोप-अमेरिकेच्या थंड हवेत या स्वातंत्र्यातून काचेच्या बंदिस्त पेट्या निर्माण झाल्या. भारताच्या उन्हात आणि पावसात याच चौकटीचे काय करायचे, हा प्रश्न त्या पिढीतील वास्तुकारांपुढे होता.

कोरिया यांचे उत्तर अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयात प्रथम दिसले. १९६३ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद अशा चौरस घटकांची बनलेली आहे. विटांचे खांब, कौलारू छप्पर आणि काँक्रीटच्या पन्हळी एवढीच तिची सामग्री. या पन्हळी तुळयांचे काम करतात आणि पावसाचे पाणीही वाहून नेतात. खिडक्यांना काच नाही. हलवता येणाऱ्या लाकडी पट्ट्या आहेत. काही चौरस भिंतींनी बंद, काही फक्त छताखाली, तर काही पूर्णपणे उघडे आहेत. आपल्याकडच्या घरात माजघर, ओसरी आणि अंगण अशा ज्या तीन पायऱ्या असतात, त्याच येथे आधुनिक भाषेत आल्या. भारतासारख्या उष्ण देशात दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी माणूस घराच्या वेगवेगळ्या भागांत वावरतो, त्यामुळे छत नसलेली जागाही घराचा उपयुक्त भाग असते, हे सूत्र कोरिया यांनी पुढे आयुष्यभर वापरले.

कांचनजंगा : आकाशातील ओसरी

मुंबईच्या कंबाला हिलवरील कांचनजंगा ही इमारत १९७० ते १९८३ या काळात साकारली. तिची उंची सुमारे ८४ मीटर असून तळ २१ मीटर बाजूचा चौरस आहे. अठ्ठावीस मजल्यांत फक्त बत्तीस घरे आहेत. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेला असते. दुपारचे रणरणते ऊन आणि पावसाळ्यातील झोडपणाऱ्या सरीही त्याच दिशेने येतात. वारा हवा आणि ऊन-पाऊस नको, हा मुंबईच्या घराचा जुनाच पेच आहे. जुन्या बंगल्यांनी तो खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून सोडवला होता. गगनचुंबी इमारतीला व्हरांडा कसा द्यायचा, हे कोरिया यांनी येथे दाखवले. इमारतीच्या कोपऱ्यांतून दोन मजले उंचीचे मोठे चौकोन कोरून काढले आणि तेथे घरांच्या उघड्या गच्च्या बसवल्या. खोल्या आत सरकल्याने ऊन आणि पाऊस बाहेरच थोपतात. घरे इमारतीच्या पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार पसरलेली असल्याने वारा मात्र खेळता राहतो. रस्त्यावरून पाहताना या इमारतीचा जो भाग चटकन डोळ्यांत भरतो, तो बांधलेला नसून वगळलेला आहे.

ही मुंबईतील अतिश्रीमंतांची घरे आहेत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यामागील विचार श्रीमंतीवर अवलंबून नाही. त्याआधी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदाबादेत कोरिया यांनी अल्प उत्पन्न गटासाठी 'ट्यूब हाउस' नावाचे अरुंद, लांबट घर रचले होते. तेथे तापलेली हवा उतरत्या छताच्या कडेने वर चढून माथ्यावरील झरोक्यातून बाहेर पडे आणि तिची जागा खालून येणारी थंड हवा घेई. पंख्याचीही गरज कमी करणारी ही योजना होती. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या १९७० च्या दशकातील पुनर्बांधणीतही त्यांनी छताखालची प्रार्थनास्थळे आणि उघडी अंगणे एकमेकांत गुंफली आहेत.

बेलापूरचे चौक

बेटावर दाटलेल्या मुंबईला खाडीपलीकडे नवे शहर जोडावे, ही कल्पना १९६०च्या दशकाच्या मध्यास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहराचे मुख्य वास्तुकार म्हणून कोरिया यांनी काही वर्षे काम पाहिले. त्याच शहरात बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी सुमारे ५५० कुटुंबांसाठी वसाहत उभारली. 'आर्टिस्ट्स व्हिलेज' या नावाने ती ओळखली जाते.

येथील रचना समजण्यास सोपी आहे. सात घरे एका लहान चौकाभोवती. असे तीन समूह मिळून एकवीस घरे एका मोठ्या चौकाभोवती. आणि असे तीन मोठे समूह मिळून त्याहून मोठी सामायिक जागा. वाड्यातील चौक आणि गावातील पार यांचे हे नागरी रूप होय. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे असून कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही. ऐपत वाढेल तसे कुटुंबाने शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवावे, हा त्यामागील हेतू. घडलेही तसेच. आज मूळची बैठी, कौलारू घरे थोडीच उरली असून त्यांच्या जागी अनेक मजली घरे उभी आहेत. याला वास्तूचा ऱ्हास म्हणायचे की तिची सिद्धी, यावर मतभेद होऊ शकतात. एक गोष्ट मात्र उल्लेखनीय आहे. खाजगी अंगणे बांधकामाखाली गेली, पण घरांनी वेढलेले सामायिक चौक बव्हंशी टिकले. ज्या मोकळ्या जागेला वापरणारे अनेक आणि पाहणारे डोळे अनेक, ती जागा गिळंकृत करणे कठीण जाते, असा धडा या वसाहतीने दिला आहे.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न गिरणगावात उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकांसाठी अशी साधारण वाटणी अपेक्षित होती. १९९६ मध्ये कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला. पुढे २००१ मधील बदलाने ही वाटणी गिरण्यांच्या आवारातील मूळच्या रिकाम्या जमिनीपुरतीच मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. शहराच्या मध्यभागी उद्याने आणि चौक निर्माण करण्याची फार मोठी संधी त्यामुळे आक्रसून गेली.

आयुका आणि कला अकादमी

पुणे विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' ही खगोलशास्त्र व खगोलभौतिकी संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर आणि कोरिया यांच्या विचारविनिमयातून तिची वास्तू घडली. येथे कोरिया यांनी मोकळ्या जागेला निराळा अर्थ दिला. काळ्या बसाल्टच्या भिंतींमधून आत आल्यावर मध्यभागी पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारे कुंडासारखे आवार लागते. देवळापुढील कुंडाची आठवण देणाऱ्या या जागेभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. फरसबंदीच्या रेषांतही खगोलशास्त्रातील आकृती उमटल्या आहेत. विश्वाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या केंद्रस्थानी इमारत नसून आकाशाखालचे रिकामे आवार असावे, ही योजना समर्पक आहे.

पणजीच्या कांपाल भागात मांडवीच्या काठी असलेली कला अकादमी १९७३ ते १९८३ या काळात बांधली गेली. तिच्या मुख्य नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. नाट्यगृहाच्या आत मारिओ मिरांडा यांनी रंगवलेले प्रेक्षकांचे सज्जे असून नाटक सुरू होण्यापूर्वीच आपण एखाद्या जुन्या गोमंतकीय रंगमंदिरात बसल्याचा भास होतो. वास्तू मुद्दाम बुटकी ठेवली आहे. प्रवेशाशी विस्तीर्ण मांडव असून तेथून इमारतीच्या पोटातून जाणारी मोकळी वाट थेट नदीच्या दिशेने उघडते. तिकीट न काढताही या सावलीत कोणीही टेकावे, अशी ही सार्वजनिक ओसरी आहे.

या वास्तूचे नूतनीकरण २०२१ पासून वादाचा विषय झाले. काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये तेथील खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. मूळ रचनेच्या जाणकारांना विश्वासात घेऊन काम व्हावे, ही कलावंत आणि वास्तुविशारदांची मागणी त्यानंतर अधिक तीव्र झाली. समुद्राच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधील सळ्या गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. ही प्रक्रिया वेळीच ओळखून दुरुस्ती करावी लागते. दगडी वास्तू दुर्लक्ष बराच काळ सोसते. काँक्रीटच्या वास्तूला तेवढा अवकाश नसतो.

वारसा कधीपासून?

नव्या वास्तूंच्या संरक्षणात दुसरी अडचण वयाची आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' ही राज रेवल यांनी रचलेली आणि महेंद्र राज यांनी संरचना केलेली वास्तू १९७२ मध्ये उभी राहिली होती. पोलादाऐवजी काँक्रीटचे त्रिमितीय जाळे वापरून आत एकही खांब न घेता एवढे मोठे दालन उभारण्याची ती असामान्य कामगिरी होती. साठ वर्षांपेक्षा जुन्या वास्तूंचाच वारसा म्हणून विचार होईल, असा निकष तेथील वारसा समितीने लावला आणि एप्रिल २०१७ मध्ये ती पाडण्यात आली. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील लुई कान यांनी रचलेली वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२० मध्ये पुढे आला. जगभरातून निषेध झाल्यावर तो मागे घेण्यात आला, परंतु २०२२ मध्ये पुनर्बांधणीची भूमिका पुन्हा मांडण्यात आली.

याउलट उदाहरण मुंबईतच आहे. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको इमारतींकडे अनेक वर्षे कोणी वारसा म्हणून पाहत नव्हते. ती केवळ भाड्याची जुनी घरे होती. रहिवासी, अभ्यासक आणि वास्तुकार यांनी सातत्याने त्यांचे महत्त्व पटवून दिले आणि २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आधी लोकांची नजर बदलली, मान्यता त्यानंतर आली.

अशी नजर तयार होण्यासाठी तांत्रिक ज्ञान लागतेच असे नाही. वारा कोठून येतो आणि कोठून जातो, दुपारचे ऊन कोठे अडते, पावसाच्या दिवशी दारात उभे राहायला जागा आहे का आणि ज्याचे आत काही काम नाही अशा माणसालाही क्षणभर थांबता येते का, एवढे प्रश्न कोणत्याही इमारतीपुढे उभे राहून विचारता येतात. बाल्कनी बंद करून खोलीत घेण्याची सवय जडलेल्या शहरांत हे प्रश्न स्वतःच्या घरालाही लागू पडतात.

चार्ल्स कोरिया यांचे १६ जून २०१५ रोजी मुंबईत निधन झाले. पद्मविभूषण आणि ब्रिटनमधील वास्तुविशारदांच्या संस्थेचे रॉयल सुवर्णपदक हे सन्मान त्यांना लाभले होते. दिल्लीत लावला गेलेला साठ वर्षांचा निकष त्यांच्या वास्तूंना लावला, तर कांचनजंगा आणि कला अकादमी २०४३ मध्ये वारसा ठरण्यास पात्र होतील. बेलापूरच्या वसाहतीला २०४६ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत त्यांच्या गच्च्या, मांडव आणि चौक मोकळे राहतील की नाही, हे कायद्यापेक्षाही त्या वापरणाऱ्या आणि पाहणाऱ्या नागरिकांवर अधिक अवलंबून आहे.